ओटी कोणी भरायची

मॅडम दोन्ही हातांची पहिली बोटं एकमेकांत अडकवायची आणि म्हणायची, "ही लागली पहिली कडी. आता दुसरी." मग करंगळ्या अडकवायची. "दोन्ही लागल्या की कातडीत कातडी मिसळली, तो आत. दार फोडत नाही काका, कडी धरून येतो."

तो म्हणजे एचआयव्हीचा विषाणू. कडी असते पांढऱ्या पेशीला, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्याला. पहारेकऱ्यालाच धरतो हरामखोर.

कांदिवलीकडच्या सरकारी दवाखान्यात या रोगाच्या गोळ्या मिळतात, तिथे ही मॅडम समजावून सांगायला बसायची. तुम्ही पाहिली असेल अशी बाई, पाहून विसरलाही असाल. सुती साडी, कपाळ मोकळं. नवरा लवकर गेलेला. मी सातवी नापास, साकीनाक्याला लेथवर जन्म गेला. पण तिचं बोलणं डोक्यात बसायचं.

रोग माझ्या बायकोला. पहिल्या नवऱ्याकडून आलेला. तो मेला तेव्हा सासरच्यांनी तिचं कुंकू पुसलं आणि तिला घराबाहेर काढलं. मी माहीत असून लग्न केलं.

मॅडम एकदा म्हणाली, काही थोड्या माणसांना जन्मतःच ती दुसरी कडी नसते, त्यांना तो सहसा धरत नाही. मी विचारलं, मी त्यातला का? मॅडमच्या आधी बायकोच बोलली, "तुमका खयची कडी? तुमचां दार सदाच उघडां." मॅडम इतकी हसली की चष्मा पुसावा लागला. मग म्हणाली, ताई गोळी चुकवत नाही म्हणून तुम्ही वाचलात, तिचे पाय धरा.

शेवटी किडनी गेली. बायकोने मॅडमचा हात धरून एकच मागितलं, सवाष्ण म्हणून पाठवा. आंघोळ, हिरवा चुडा, ओटी. एकदा पुसलेलं कुंकू पुन्हा लागलं होतं, ते घेऊन जायचं होतं. आमच्यात हे सवाष्णींनीच करायचं असतं.

ती गेली त्या सकाळी बिल्डिंगच्या बायका जमल्या, पण दाराबाहेर. रोगाचं सगळ्यांना कळलेलं. मी फोन केला, मॅडम आली. पिशवीत सगळ्यांपुरते हातमोजे. तिने बायकांना तीच बोटं दाखवली. धड कातडीवर त्याला धरायला काही नसतं, शिवून हा रोग होत नाही. बायका माना हलवत होत्या. सगळं पटलं. पाय कुणाचा आत आला नाही.

मॅडमने पदर खोचला. एकटीने आंघोळ घातली, साडी नेसवली, चुडा भरला. ओटीचा नारळ उचलला तेव्हा शेजारीण बाहेरून बोलली, "काका, त्यांनी नाही भरायची हो. त्या विधवा ना."

"मग तू ये. तू भर."

ती एक पाऊल मागे सरली.

मॅडम नारळ धरून तशीच थांबली. "काका, तुम्ही सांगा. ताईला चालेल?"

"भर गं," मी म्हटलं. तोवर मी तिला अहो-जाहो करायचो.

तिने कुंकू लावलं, ओटी भरली.

पुढे मॅडमचं कंत्राट संपलं. तिच्या खुर्चीत दुसरी बसते. ही कुठे गेली, तिथे कुणी सांगत नाही.

मला ती अजून दिसते ती त्या सकाळी जिन्यात. दवाखान्यात माणसं खोळंबलीत म्हणून घाईने उतरणारी, साडी आंघोळीच्या पाण्याने गुडघ्यापर्यंत भिजलेली. लादीवर तिची ओली पावलं उमटली होती. ती वाळेपर्यंत बिल्डिंगच्या बायका भिंतीला चिकटून चालल्या.