शेऱ्याचा रकाना

मंगळवार, १४ जानेवारी २०२५. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत मी कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवला. दोन वर्षांचे काम होते: सहा पिढ्या, एकशे बारा माणसे, प्रत्येकाची एक ओळ. तो कागदावर नव्हता, क्लाउडवरच्या एका तक्त्यात होता; त्याच्या दुसऱ्या पानावर मी आखलेला वंशवृक्ष. मी पाठवली ती त्याची लिंक. परवानगीच्या खिडकीत 'लिंक असलेले कोणीही' आणि 'संपादक' हे दोन पर्याय निवडले. नातेवाइकांनी आपापल्या जन्मतारखा दुरुस्त कराव्यात, एवढाच हेतू होता.

तक्त्याचा शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो फक्त माझ्यासाठी होता. बडोद्यात, प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात, मी चौतीस वर्षे काढली. तेथे मूळ नकाशाच्या कडेला आम्ही पेन्सिलीने शेरा लिहीत असू, आणि बाहेर प्रत द्यायची झाली की ती कड दुमडून प्रत काढत असू. शेरा कपाटात राही. त्याच सवयीने मी माणसांपुढेही शेरे लिहिले होते आणि पाठवण्यापूर्वी रकाना दुमडला होता. संगणकात त्याला 'लपवणे' म्हणतात. मी ते दुमडणेच समजलो.

नऊ पंचविसाला पुण्याच्या पुतण्याचा संदेश आला: "काका, 'बोलतो फार, ऐकत नाही, मन स्वच्छ' हे माझ्याबद्दल आहे ना?"

ज्याला संपादनाचा हक्क दिला, त्याला दुमडलेला रकाना उलगडण्याचाही हक्क मिळतो, हे मला तेव्हा कळले.

पुतण्याची मला चिंता नव्हती. चिंता एकाच ओळीची होती, धाकट्या बहिणीच्या. ती इंदूरला असते. अठराव्या वर्षी तिला चित्रकला शिकायला कॉलेजात जायचे होते. वडील गेलेले, घर माझ्या पगारावर. मी नाही म्हणालो आणि तिला टायपिंगच्या वर्गात घातले. तेव्हापासून आम्ही कामापुरते बोलतो. कुलवृत्तांताच्या रिवाजाप्रमाणे लेकाच्या ओळीत सारे चरित्र आणि लेकीच्या ओळीत नाव, सासर आणि गाव, एवढेच असते. तिचीही ओळ तशीच होती. शेऱ्यात मात्र मी लिहिले होते: "हट्टी. रेषा माझ्यापेक्षा चांगली. नकार मी दिला. चूक माझी."

हे तिला तोंडाने सांगायला हवे होते. पन्नास वर्षांत जमले नाही. पण सगळ्या गोतावळ्याबरोबर, भिंतीवरच्या जाहिरातीसारखे, ते तिच्या वाचनात यावे हे मला मुळीच मान्य नव्हते.

सून घरात असती तर दोन मिनिटांचे काम होते. परंतु उत्तरायण, म्हणजे संक्रांत होती, आणि त्या दिवशी बडोद्यात घरात कोणी नसते; सगळे गच्चीवर पतंग उडवतात. समा भागातल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. लॅपटॉप बगलेत धरून मी शेवटचा जिना चढलो.

सून मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासते. आता तिच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या आणि मान आकाशात.

"रकाना उघडा पडला आहे," मी म्हणालो.

"बाबा, पेच लागलाय. फिरकी धरा!"

"बहिणीने वाचण्यापूर्वी तो बंद..."

"फिरकी, बाबा!"

लॅपटॉप टाकीच्या कठड्यावर ठेवून मी मांज्याची फिरकी धरली. ती हातात गरगरत होती आणि खिशात फोन थरथरत होता. साडेतीन मिनिटांनी सून ओरडली, "काप्यो छे!" सोसायटीच्या सगळ्या गच्च्यांवर थाळ्या वाजल्या. मग तिने तक्ता पाहिला; अर्थातच प्रथम स्वतःची ओळ.

"'कामाला वाघ. पतंगाचा अतिरेक.' अतिरेक, बाबा?"

"साडेतीन मिनिटे मी फिरकी धरून उभा होतो."

ती हसली आणि कामाला लागली. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात रंगीत वर्तुळे होती. त्यांवर बोट नेले की नावे दिसत: अनामिक कोल्हा, अनामिक ससा, अनामिक हत्ती.

"ही कोण मंडळी?"

"आपलीच. नावाने बोलावलं नाहीत ना, नुसत्या लिंकवरून आलेत. म्हणून जनावरं दिसतात. आता 'प्रतिबंधित' करते, की सगळे बाहेर."

तेवढ्यात मला दिसले. हत्तीची जांभळी चौकट बहिणीच्या शेऱ्यावर होती आणि हलत नव्हती. मग तो चौकोन करडा झाला.

"कोणीतरी टाइप करतंय," सून म्हणाली. "बंद करू? आत्ता केलं तर लिहिलेलं जाईल."

हत्ती कोण, हे ठाऊक नव्हते. चेष्टेखोर पुतण्याही असू शकत होता.

"थांब," मी म्हणालो.

चौकोन पुन्हा पांढरा झाला. माझ्या मजकुराखाली नवी ओळ आली होती: "मान्य. पण हट्टी तू जास्त."

मला 'तू' म्हणणारे माणूस आता एकच उरले आहे.

लगेच तिचा फोन आला.

"दादा, हे लिहायला इतकी वर्षं लागली?"

"लिहायला एक मिनिट लागले."

"आणि सांगायला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग आता सांग."

"चूक माझी."

"काय? ऐकू येत नाही. काय गोंगाट आहे तुमच्याकडे!"

"चूक माझी!"

"अजून जोरात."

गच्चीवर मोठ्या स्पीकरवर गाणे चालू होते. मी सर्व बळ एकवटून तिसऱ्यांदा ओरडलो आणि नेमके तेव्हाच गाणे संपले. शेजारच्या गच्चीवरच्या गुजराती बाईंनी काळजीने विचारले, "शुं थयुं, काका?"

"कंई नथी, मासी," सून म्हणाली. "बापुजीनो कपायो!" म्हणजे माझा पतंग कापला गेला.

त्यांनी माझ्यासाठीही थाळी वाजवली. बहिणीला ते सारे फोनवर ऐकू गेले. ती हसत सुटली. तिचे असे हसणे ती टायपिंगच्या वर्गाला जाऊ लागण्यापूर्वी मी शेवटचे ऐकले होते.

हसून झाल्यावर तिने हुकूम सोडले. "लेकांची चरित्रं आणि लेकींना एकेक ओळ, हे मी बदलणार. आणि वंशवृक्ष मी काढणार. तू काढलायस तो झाड नाही, मालगाडी आहे."

"काढ."

"परवानगी?"

"संध्याकाळी देतो."

दुपारभर ग्रुप शांत झाला नाही. शेरे काढू नयेत, असा बहुमताने आग्रह होता. 'वेळ पाळत नाही. पाळेल असे दिसत नाही' असा शेरा मिळालेल्या चुलतभावाचा निषेध दुपारी चार वाजता आला. उंधियो चांगला जमला होता. जिलब्या मी नेहमीपेक्षा दोन जास्त खाल्ल्या.

अंधार पडू लागला तेव्हा कामाला बसलो. तक्त्यातून काही काढून टाकले तरी संपादकाला त्याच्या जुन्या आवृत्त्या पाहता येतात, असे सुनेने बजावले होते. म्हणून मूळ फाइल सर्वांसाठी बंद केली आणि शेरे वगळून नवी प्रत काढली. एक शेरा, खालच्या उत्तरासह, बहिणीच्या सांगण्यावरून तसाच ठेवला. ग्रुपच्या मंडळींना 'दर्शक' केले. जन्मतारखा त्यांनी मला फोनवर सांगाव्यात. शेवटी बहिणीचा ईमेल पत्ता एकेक अक्षर तपासून भरला, तिच्या नावापुढे 'संपादक' निवडले, 'सूचना पाठवा' या चौकोनात खूण केली, आणि सात वाजून चाळीस मिनिटांनी बटण दाबले.