जॉबवर्कचं औषध

माझं काम आप्पांना एका वाक्यात कळलं. मला मात्र ते त्यांना सांगायला अर्धा तास लागला होता.

एम.एस्सी. झाल्यावर सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीच्या बाजूला असलेल्या एका प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. पहिल्या आठवड्यात घरी आले तेव्हा आप्पांनी विचारलं, तिथं नेमकं काय बनतं. मी म्हणाले, औषधं. मग म्हणाले, औषधं नाही, पुढेमागे औषध होऊ शकतील असे नवे पदार्थ. मग म्हणाले, बनवतो आम्ही, पण काय बनवायचं ते परदेशातली कंपनी ठरवते. ते रेणूची रचना काढून पाठवतात, आम्ही तो रेणू तयार करून छोट्या बाटलीत भरतो, बाटलीवर नंबर टाकतो आणि तिकडे पाठवून देतो. तिकडच्या माणसांकडून हेच काम करून घेणं फार महाग पडतं, म्हणून ते आपल्याकडे येतं.

आप्पा खाटेवर बसून ऐकत होते. धुळ्याकडच्या गावातून ते तरुणपणी सुरतेला आले आणि तीस वर्षं त्यांनी लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, काढली. घरी आम्ही अहिराणीच बोलायचो.

"म्हंजे जॉबवर्क," ते म्हणाले. "सूत व्यापारीनं, डिझाइन व्यापारीनं, कापड व्यापारीनं. हात आपला."

आमच्या टीमला वर्षावर्षाच्या करारावर त्या कंपनीसाठी राखून ठेवलं होतं. करार कोणी कितीही सभ्य भाषेत समजावून सांगितला तरी त्याचा अर्थ आप्पा म्हणाले तोच होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट पहिल्यांदाच माझं शिक्षण आमच्या डिंडोलीच्या दोन खोल्यांत मावलं असं वाटलं.

माय शेजारी बसून साडीवर स्टोन चिकटवत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "कोनता दुखनानं औषध शे ते?"

मी म्हणाले, ते आम्हाला सांगत नाहीत. तिला ते पटलं नाही. औषध करणाऱ्याला रोग माहीत नाही, हे तिला स्वयंपाक करणारीला जेवणारा माहीत नसण्यासारखं वाटलं असावं. पण खरंच माहीत नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी आम्ही गुप्ततेच्या कागदावर सह्या केल्या होत्या, आणि सही करण्याआधीच लक्षात आलं होतं की लपवायला आमच्याजवळ फारसं काही असणारच नाही.

दोन वर्षं मी एकाच मालिकेतले रेणू बनवत होते. त्यातला चारशे सात नंबरचा फार हट्टी निघाला. अकरा पायऱ्या होत्या आणि सातव्या पायरीला फ्लास्कमधलं सगळं काळं पडायचं. तिकडचा प्रमुख रसायनज्ञ, एक वयस्कर, मवाळ बोलणारा गृहस्थ, दर आठवड्याच्या कॉलवर धीर द्यायचा. त्यानं सुचवलेले उपाय करून झाले, पुस्तकातले करून झाले. शेवटी मी बर्फात मीठ घालून फ्लास्क खूप थंड केला आणि एक द्रावण तासभर थेंबथेंब सोडत राहिले. रंग पिवळाच राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा पिवळा. कॉलवर तो गृहस्थ म्हणाला की हे आम्हाला इथे जमलं नसतं. ते वाक्य मी घरी येऊन सांगितलं आणि मायनं शेजारच्या चार घरांत सांगितलं.

त्याच वर्षी आप्पांना धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग सपाटीवर चालताना. कोरडा खोकला जात नव्हता. टीबीच्या तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही. मग एका मोठ्या डॉक्टरांनी स्कॅन पाहून सांगितलं की फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत, जखम भरल्यावर कातडी निबर होते तशी. कशामुळे ते त्यांना ठाम सांगता आलं नाही. लूमवरच्या तंतूंनी असेल, नसेलही. एक गोळी सुरू केली. तिनं वेग जरा कमी होतो, डॉक्टर म्हणाले, पण झालेलं मागे फिरत नाही.

घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. लूमच्या आवाजानं आप्पांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे ते आयुष्यभर ओरडून बोलत आले आणि त्यांच्यामुळे आम्हीही. आता त्यांचा आवाज दमानं खाली आला, इतका की त्यांचं बोलणं त्यांना स्वतःलाच ऐकू येईना. वाक्य पुरं झालं की ते आमच्या तोंडाकडे बघायचे, आम्हाला पोचलं की नाही ते कळावं म्हणून.

त्यानंतर काही महिन्यांनी मी ऑफिसात एका वेगळ्याच संदर्भासाठी पेटंट चाळत होते. एका पानावर ओळखीची रचना दिसली. पुढच्या पानावर तिची बहीण, त्याच्या पुढे आणखी एक. ते आमचेच रेणू होते. कंपनीनं पेटंटसाठी अर्ज केला होता आणि आता तो सगळ्यांना वाचायला खुला झाला होता. चारशे सात तिथं होता, माझ्या थंड फ्लास्कच्या कृतीसकट. शोध लावणाऱ्यांची नावं वर छापली होती. त्यांत आमच्यापैकी कोणी नव्हतं, आणि ते मी क्षणभरच पाहिलं, कारण खाली लिहिलं होतं की हे पदार्थ फुफ्फुसं कडक होण्याच्या रोगावर आहेत.

मी उठून पाणी पिऊन आले आणि ती ओळ पुन्हा वाचली.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी ठरवत होते, सांगावं की नाही. गुप्त राहिलं नव्हतं, ही एक गोष्ट. दुसरी अशी की अशा शंभर रेणूंमधला एखादाच माणसांपर्यंत पोचतो आणि त्यालाही दहा-बारा वर्षं लागतात. आप्पांपाशी तेवढी वर्षं नव्हती, हे मला कळत होतं. तरी मी सांगितलं. का सांगितलं, याचं उत्तर मी अजून शोधते. बहुतेक मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला, बोटांवरचे रसायनांचे डाग पाहिले. मग हसले. खोकला येईपर्यंत हसले.

"कोनले सांगू नको," ते म्हणाले. "डिझाइन बाजारमा येवाना पहिले दाखाडतस नही."

पुढे ते रोज एकदा विचारायचे, कुठवर आलं. मी सांगायचे: उंदरांवर चाललंय. आता मोठ्या प्राण्यांवर. आता मला वीस-पंचवीस ग्रॅम बनवायला सांगितलंय, म्हणजे त्यांना चांगलं दिसतंय. ते मान हलवायचे. स्वतःसाठी त्यांनी कधीच मागितलं नाही. मागितलं मायनं. एका सकाळी मी डबा भरत होते, ती मागे येऊन उभी राहिली.

"थोडंसं लई ये ना," ती म्हणाली. "कोनले कळी?"

मी तिला समजावलं. माणसाला किती द्यायचं ते अजून कोणालाच माहीत नाही. लिव्हर जाऊ शकतं, हृदय थांबू शकतं. उंदराला चाललं म्हणजे आप्पांना चालेल असं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तसाबी त्या जाईच ऱ्हायनात," ती म्हणाली. तसेही ते चाललेच आहेत.

मी डबा घेऊन निघाले.

आणखी दोन महिन्यांनी कॉलवर त्या वयस्कर गृहस्थाबरोबर एक अनोळखी बाई होती. तिनं वाचून दाखवलं की कंपनी आता फुफ्फुसांच्या रोगांवर काम करणार नाही, दुसऱ्या विषयांकडे वळणार आहे. आमच्या कामाबद्दल आभार. अंतिम पदार्थ होता तेवढा पॅक करून पाठवावा, मधल्या पायऱ्यांचं सगळं नष्ट करावं. कोणीतरी विचारलं की रेणूत दोष निघाला का. बाई म्हणाली, त्यावर बोलता येणार नाही. ती कॉलवरून गेल्यावर तो गृहस्थ थांबला. म्हणाला, दोष नव्हता. प्राण्यांवरचे निकाल त्यानं इतक्या वर्षांत पाहिलेल्यांपैकी सगळ्यात चांगले होते. मग म्हणाला की त्याचीही नोकरी गेली आहे. त्याच्या खोलीत मागे पुठ्ठ्याची खोकी दिसत होती.

शेवटचा पदार्थ मीच तोलला. तराजूची खोली लहान असते, एका वेळी एकच माणूस आत बसतं. तपकिरी बाटलीत पांढरी, हलकी भुकटी होती. मी बटर पेपरचा चौकोन कापला, त्यावर स्पॅट्युलानं चिमूटभर घेतली, पुडी बांधली आणि एप्रनच्या खिशात ठेवली. उरलेलं बाटलीत बंद केलं, वजन लिहिलं आणि जेवायला गेले.

डबा समोर उघडा होता. मी डोक्यात हिशेब मांडत होते, उंदराच्या वजनाला इतकं तर आप्पांच्या वजनाला किती. मला तो हिशेब येत होता आणि त्याचा काही उपयोग नाही हेही येत होतं. आप्पांना मी काय सांगणार होते? हे घ्या, तुमच्या पोरीच्या हातचं? त्यांनी एका शब्दानं न विचारता घेतलं असतं. तेच मला सहन होईना. घेतल्यावर दोन दिवसांनी ते गेले असते, तर ते औषधानं की रोगानं, हे मला कधीच कळलं नसतं.

जेवणानंतर मी वाफा ओढून घेणाऱ्या हूडपाशी जाऊन पुडी सोडली आणि टाकाऊ द्रावणाच्या कॅनमध्ये रिकामी केली. एकदा बाहेर काढलेलं परत बाटलीत घालता येत नाही, सगळी बाटली नासते. मग वहीत लिहिलं, "तोलताना थोडं सांडलं," आणि खाली सही केली. माझ्या सगळ्या वह्यांमधलं ते एकच खोटं वाक्य आहे. ती भुकटी कंपनीला मिळाली नाही, आप्पांनाही नाही.

त्या दिवशी काम नव्हतं म्हणून आम्हाला लवकर सोडलं. मी उजेड असतानाच घरी पोचले. माय पाणी भरायला गेली होती. आप्पांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"जवय खातं बंद पडस," ते म्हणाले, "तवय कारीगर लवकर घर येस."

मी म्हणाले, "नही आप्पा, चालू शे."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी तेच वाक्य मोठ्यानं म्हणाले. त्यांनी डोळे मिटले.

"तुनी मायले नको सांगू," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी कुठवर आलं हे कधीच विचारलं नाही. माय विचारायची. त्यांच्या देखत मी तिला सांगायचे की चाललंय, आणि ते दुसरीकडे बघायचे. आमच्या दोघांमध्ये ते खोटं असं पडून होतं, आणि त्यांनी माझ्यासाठी सांभाळलं की मी त्यांच्यासाठी, ते आता सांगता येत नाही.

ते एका दुपारी गेले. मी प्रयोगशाळेत होते. आम्हाला नवा क्लायंट मिळाला होता आणि त्यानं मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की औषध कशावर आहे: कुत्र्यांच्या खाजेवर. मी रेणू बनवत होते, तो चांगला येत होता. शेजारच्यांचा फोन आला तेव्हा माझे हातमोजे ओले होते, त्यामुळे पहिला फोन मी घेतला नाही.

माय वर्षभर त्या औषधाबद्दल काही बोलली नाही. पण बोलायची गरजही नव्हती. पाहुणे यायचे, माझ्या नोकरीबद्दल विचारायचे, आणि ती उठून आत जायची. एकदाच, दिवाळीच्या आधी डबे घासताना, ती भांड्याकडे बघत म्हणाली, "तुना हातमा व्हतं."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. पुडी सांगितली, कॅन सांगितला. काम बंद पडलं होतं आणि ते आप्पांनी ओळखलं होतं, त्यांनीच तुला सांगू नको म्हटलं होतं, हेही सांगितलं. मला वाटलं होतं, मी निदान एवढं तरी केलं हे तिला कळलं तर तिचं मन जरा हलकं होईल. तिनं डबा खाली ठेवला. हात पदराला पुसले.

"म्हंजे खिशामा व्हतं," ती म्हणाली. "घर लगून आनता येतं."

मी हो म्हणाले.

"मंग आते माले कसाले सांगस?"

ती उरलेले डबे घासू लागली, आणि मी तिच्या शेजारी बसून ते पुसून ठेवत गेले.