द्राहुश्काच्या कोपराची उंची

आमच्या शेजारच्या बोर्झेक कालिनाच्या हाती कुठलाही आराखडा द्या, तो आधी चष्मा पुसणार आणि मग म्हणणार, "ह्यात एक सुधारणा करता येईल."

त्रेबीच गावातल्या बुटांच्या कारखान्यात त्याची हयात गेली. त्या काळी कामगारांनी सुधारणा सुचवायच्या आणि वरिष्ठांनी प्रशस्तिपत्रं वाटायची, अशी कारखान्यांतून रीतच होती. बोर्झेकची तसली प्रशस्तिपत्रं त्यांच्या संडासाच्या भिंतीवर चौकटीत लावलेली आहेत, म्हणजे पाहुण्यांना निवांत वाचता येतात. पुढे कारखाना बंद पडला, खोड मात्र राहिली. त्यापायी घरातलं काहीच पुरं होत नाही. टोमॅटोच्या काचघराला अजून दार नाही, कारण ते बाजूला सरकावं की वर उचलावं, ह्याचा विचार चालू आहे.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या बायकोच्या, द्राहोमीराच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. नवा खुबा उत्तम बसला, डॉक्टर खूश झाले. पण आमची द्राहुश्का, तिला सगळे असंच म्हणतात, काही खुर्चीतून उठेना. दोन कुबड्या टेकून न्हाणीघरापर्यंत जायची, परत यायची, की पुन्हा खिडकीशी बसायची. व्यायाम शिकवायला एक नर्स यायची. तिच्यासमोर उभी राहायची आणि नर्सची गाडी कोपऱ्यावरून वळली रे वळली की खाली.

मी खसखस भरलेले गोड पाव, आमचे बुख्ते, घेऊन गेले तेव्हा म्हणाली, "उभी राहून करू काय, सांग? भिंतीकडे बघत बसू? म्हणजे, बसू नको, उभी राहू? शाळेत शिक्षा केलेल्या पोरीसारखी?"

"रोज थोडं थोडं वाढवायचं म्हणतात ना?"

"म्हणतात. त्यांचं काय जातं म्हणायला?"

नर्सनं फाटकाशी बोर्झेकला गाठून स्पष्ट सांगितलं, "कालिनासाहेब, ह्या अशाच बसून राहिल्या ना, तर पाय आखडेल. मग खुबा नवा असून उपयोग नाही. उन्हाळ्यापर्यंत उभ्या राहायला लागल्या तर ठीक, नाहीतर चाकांच्या खुर्चीची सवय करा." बोर्झेक तिच्या गाडीकडे बघत फाटक धरून किती वेळ उभा होता. मी माझ्या स्वयंपाकघरातून बघत होते.

त्याला जे सुचलं ते त्यालाच सुचू शकतं. ही दोघं भेटली ती गावच्या जत्रेत, पाळणेवाल्यांच्या गाडीत. तेव्हा जत्रेबरोबर एक लांबलचक लाकडी गाडी यायची, चाकांवरची. आत अंधार, सिगारेटचा धूर आणि भिंतीलगत नाणं टाकून पडद्यावर खेळायची यंत्रं. त्यातल्या उडत्या यानांच्या खेळात द्राहुश्काला हरवणारं आसपासच्या गावांत कुणी नव्हतं. लांब वेणी पाठीवर टाकून ती उभीच्या उभी दुपार घालवायची. बोर्झेक मागे उभा राहून आपली नाणी तिला पुरवायचा. त्याला खेळता यायचं नाही, पण म्हणे तिथून वेणी चांगली दिसायची.

ब्रनो शहरात राहणाऱ्या त्यांच्या लेकीनं इंटरनेटवरून तसल्या यंत्राचा आराखडा काढून पाठवला, अमेरिकेतल्या कुणा हौशी माणसानं केलेला. मापं सगळी इंचांत. बोर्झेकनं ती सेंटिमीटरमध्ये केली, चष्मा पुसला आणि गॅरेजमध्ये शिरला.

"ऐकलंत का शेजारीणबाई," पलीकडच्या घरातला स्लावोमिल कुंपणावरून मला म्हणाला, "बोर्झेक आता यंत्र बनवतोय! पुरं होईल तेव्हा द्राहुश्काची नात आजी झालेली असेल."

"तुझी गोल करवत देतोस का तेवढं सांग," गॅरेजमधून आवाज आला.

"देतो. पण परत येताना तिच्यात सुधारणा नको."

सगळ्यांना नवल वाटलं, पण ह्या खेपेला काम पुढे सरकत होतं. दोन्ही बाजूंच्या उंच फळ्या त्यानं जाड प्लायवूडच्या कापल्या, एकीवर एक ठेवून एकदमच घासल्या, म्हणजे तिळभर फरक नको. आतून जुन्या पलंगाच्या ओकच्या पट्ट्या लावल्या. आराखड्यात स्क्रू किंवा सरस असं लिहिलेलं, ह्यानं दोन्ही वापरले. "घोड्यानं लाथ मारली तरी घोडाच लंगडेल," असं तो सांगत सुटला. लेकीनं पाठवलेला पडदा बसला, डाव्या हाताला खेळाची दांडी आणि उजवीकडे बटणं बसली, तारा जोडल्या. बाजूंना त्यानं जत्रेतल्या गाडीचा तोच निळा रंग दिला. आणि वसंतात अंगणातला लाइलॅक फुलायच्या आत यंत्र खरंच पुरं झालं. स्लावोमिल बघायला आला आणि चक्क टोपी काढून उभा राहिला.

चौघांनी मिळून ते बैठकीच्या खोलीत नेलं. द्राहुश्कानं केस विंचरले होते. कुबड्यांवर ती यंत्रापाशी आली, दोन्ही कुबड्या भिंतीला टेकवल्या, हात वर केले आणि दांडी धरली. आवाज सुरू झाला, तोच जुना टिर्र टिर्र. 

तिचं पहिलं यान गेलं, दुसरं गेलं. तिचे खांदे कानांशी आले होते. बटणं जवळजवळ छातीला लागत होती आणि कोपर हवेत. जरा वेळानं तिनं हात खाली घेतले आणि कुबड्या चाचपल्या.

"छान झालंय रे," ती म्हणाली. "खरंच छान." आणि जाऊन खुर्चीत बसली.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. द्राहुश्का नवऱ्याशी एवढं सभ्य बोलते म्हणजे तिनं आशा सोडली, हे आम्हाला ठाऊक होतं. पुढचे काही दिवस यंत्र खोलीत उभं होतं आणि ती त्याच्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत होती.

"काहीतरी उंच ठेव तिच्या पायाखाली," एकदा त्याच खोलीत स्लावोमिलनं सुचवलं.

"नव्या खुब्यानं चढउतार करायची? अक्कल आहे का?" मी म्हटलं. मग बोर्झेकला विचारलं, "का रे, आराखड्यातच एवढी उंची होती का?"

तो चष्मा पुसू लागला. मग म्हणाला, "नाही. वीतभर मी वाढवली. अमेरिकन माणसाचं चुकलं होतं ना. जत्रेतल्या गाडीत बटणं छातीपर्यंत यायची. मला पक्कं आठवतंय."

खिडकीकडून आवाज आला, "छातीपर्यंत कुणाच्या?"

"आपल्या."

"आपल्या नाही, तुझ्या! बोर्झेक, तू तेव्हा माझ्या खांद्याएवढा होतास! सैन्यात गेलास तेव्हा वाढलास. त्यातून जत्रेवाल्यांनी यंत्रं ओंडक्यांवर चढवलेली असायची, सगळ्यांच्या बुटांचं पाणी आत यायचं म्हणून. मी तिथे उंच टाचांचे बूट घालून यायची, माहितीये?"

"टाचा? मला कधी दिसल्या नाहीत."

"तुझी नजर होती कुठे!"

स्लावोमिल खोकल्याच्या निमित्तानं बाहेर गेला. बोर्झेक मात्र हसला नाही. यंत्राच्या कडेवरून त्यानं हात फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा पुरी केलेली वस्तू होती ती, कुठे एक स्क्रू दिसत नव्हता.

"खालून कापतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी यंत्र परत गॅरेजमध्ये आलं आणि पाठीवर आडवं झालं. आता त्या घोड्याच्या लाथेची किंमत कळली. सरस लावलेल्या ओकच्या पट्ट्या सुटेनात, पुट्टीखाली लपवलेला एकेक स्क्रू शोधून काढावा लागला. मी कपडे वाळत घालत होते. बोर्झेकनं फळीवर पेन्सिलनं रेघ मारली तोच त्यांचं स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं.

"थांब! वीतभर म्हणजे कुणाची वीत?"

"माझी."

"मग हात लावू नकोस!"

द्राहुश्का अंगणातून चालत येत होती. एकच कुबडी. दुसरी कुठे राहिली कुणास ठाऊक, बहुतेक रागाच्या भरात आतच. गॅरेजच्या उंबऱ्याशी ती जरा घुटमळली, चौकट धरली आणि आत आली.

"इथं मोज," तिनं कोपर दुमडून पुढे केला. "जमिनीपासून. आणि चपलांसकट मोज, मी काय अनवाणी खेळू?"

बोर्झेकनं टेप लावली. रेघ बोटभर तळाकडे सरकली, म्हणजे तेवढं कमी कापायचं.

"बघ! कापलं असतंस तर गुडघ्यांनी खेळायची वेळ आली असती."

"एवढंही नाही हं, द्राहुश्का."

"काप आता. सरळ काप."

करवत अर्ध्यावर आली तशी फळीचं टोक लोंबायला लागलं आणि पातं अडकायला लागलं. स्लावोमिल कुंपणापलीकडून निघाला होता, पण तेवढ्यात द्राहुश्कानं कुबडी कामाच्या टेबलाला टेकवली आणि दोन्ही हातांनी टोक उचलून धरलं.

"वर," बोर्झेक म्हणाला. "जरा वर. अशीच."

"धरलंय रे. तू रेघेकडे बघ. डावीकडे चाललायस."

"कुठे चाललोय?"

"माझ्याकडे बघू नकोस, रेघेकडे बघ!"

एक बाजू झाली. यंत्र कुशीवर वळवायला स्लावोमिल आत गेला, मीही ओल्या हातांनी पाठोपाठ गेले. दुसरी बाजू सुरू झाली. बोर्झेकचं नाक भुशानं पांढरं झालं होतं. मध्येच तो पातं बदलायला थांबला, ती दोघं रेघेवरून आणखी भांडली, आणि द्राहुश्का सबंध वेळ तिथेच होती, दोन पायांवर, हात फळीखाली. स्लावोमिलच्या हे लक्षात आलं, त्यानं बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तोंड मिटलंच.

शेवटचा तुकडा खाली पडला. आम्ही यंत्र उभं केलं. एका कोपऱ्याखाली पातळ पाचर सारावी लागली, कारण बोर्झेक डावीकडे गेला होता खरा.

द्राहुश्का समोर येऊन उभी राहिली. हात ठेवले. कोपर बरगड्यांशी आले, खांदे खाली. पडदा अजून काळाच होता. तिनं पुढे झुकून सगळा भार त्या बटणांच्या फळीवर टाकला, मग यंत्र गदागदा हलवायचा प्रयत्न केला. कुठे कुरकुरलंसुद्धा नाही.

"हलत नाही," ती म्हणाली, तक्रार केल्यासारखी.

"हलणार कसं?" बोर्झेक म्हणाला. डोळ्यांत भुसा गेला म्हणून तो बाहीनं पुसत होता.

"मग वायर लाव की! मी इथे कशासाठी उभी आहे?"