मुद्देमालातल्या बाहुल्या

नेरच्या त्या आजींची तक्रार अजून माझ्या मनातून गेलेली नाही. आयुष्य कपाशीच्या शेतात गेलेली ती बाई नातीचा हात धरून यवतमाळच्या आमच्या पोलीस ठाण्यात आली, तेव्हा ठाणे अंमलदाराला वाटले दागिने गेले असतील. गेल्या होत्या बाहुल्या. अंगठ्याएवढ्या.

दुसऱ्या महायुद्धाआधी आजींच्या वडिलांनी थोरल्या मुलीसाठी मुंबईहून आणलेल्या, जपानी, सेल्युलॉइडच्या. ती मुलगी लहानपणीच वारली आणि बाहुल्या धाकटीकडे, म्हणजे या आजींकडे आल्या. त्या काळी अशा बाहुल्या ढिगाने मिळत. पण सेल्युलॉइड दाबले की चेपते, ठिणगीने पेटते. म्हणून फार थोड्या उरल्या, आणि आता हौशी संग्राहक त्यांना भलती किंमत देतात.

यवतमाळच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी त्या प्रदर्शनासाठी नेल्या आणि परत करताना हुबेहूब नकला दिल्या. आजींनी हात लावताच सांगितले, "ह्या माह्या नाहीत." घरच्यांनी म्हातारपणाचा भ्रम समजून सोडून दिले. पुढे नातीला विक्रीच्या एका संकेतस्थळावर त्याच बाहुल्या दिसल्या. अंगात आजीने शिवलेले झगे होते.

आम्ही झडती घेऊन बाहुल्या जप्त केल्या. प्राध्यापक अत्यंत सभ्य. "खऱ्या त्यांना कधीच परत केल्या. माझ्याकडच्या प्लॅस्टिकच्या नकला आहेत," हेच पालुपद. शेवटी मी हवालदाराला म्हणालो, "प्लॅस्टिकच्याच आहेत, कोंबा पिशवीत."

त्याने मूठ भरली आणि प्राध्यापक ओरडलेच, "अहो, चेपतील! पुन्हा मिळायच्या नाहीत त्या!"

मग खुर्चीत बसून ते सगळे बोलले. वर म्हणाले, "त्या बाईला काय कळते त्यांची किंमत?"

इथपर्यंत तपास चोख होता. बाहुल्या पाकिटात बंद होऊन, लाखेचे सील लागून ठाण्याच्या मालखान्यात गेल्या. त्या ताब्यात मिळाव्यात म्हणून आजींनी कोर्टात अर्ज केला. आरोपीच्या वकिलाने मालकीचा पुरावा मागितला. खेळण्याची पावती कोण जपते? तारखा पडत राहिल्या. माझी पांढरकवड्याला बदली झाली. मालखान्याच्या टिनाखाली यवतमाळचे उन्हाळे एकामागून एक गेले.

साक्षीला गेलो तेव्हा माझ्यासमोर पाकीट फोडले. कापरासारखा उग्र वास आला. बाहुल्या पिवळ्या, चिकट झाल्या होत्या, चेहरे आत खचले होते. आरोपीच्या पिंजऱ्यातून प्राध्यापक हळूच म्हणाले, "बंद ठेवायच्या नसतात त्या. हवा लागते."

त्यांच्यावर गुन्हा शाबीत झाला. मुद्देमाल परत करण्याचा हुकूमही निघाला. आजींनी बाहुल्यांना हात लावला नाही.

"त्यानं नेल्या तवा चांगल्या होत्या, साहेब," त्या मला म्हणाल्या. "तुमच्याजवळ आल्या अन् मेल्या."

चोर पकडणे आणि चोरलेली वस्तू वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. खात्याने मला पहिलेच शिकवले होते. दुसरे मी त्या दिवशी शिकलो, आणि तोवर वाचवण्यासारखे काही उरले नव्हते.