निर्माल्यातला दुसरा कागद

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. देवीनं केलं म्हणावं तर कॉलेजातल्या मैत्रिणी हसतील, आणि आपोआप झालं म्हणावं तर माझंच मन ऐकत नाही. म्हणून जसं घडलं तसं सांगते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव हिंगणी. मी रोज एसटीनं वर्ध्याला बी.कॉम.ला जाते. बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, स्टँडजवळ लहानसं किराणा दुकान चालवते. यजमान गेल्यापासून ती एकटीच आहे. माझ्या पासाचे, पुस्तकांचे पैसे तिनंच दिले आणि ते कधी बोलून दाखवलं नाही. तिची एकच इच्छा होती. काशीला जायचं, गंगेचं पाणी आणायचं आणि यजमानांच्या नावानं गावाला मावंद्याचं जेवण घालायचं. तसा शब्द तिनं त्यांना शेवटच्या दिवसांत दिला होता. यंदा तिची भिशी लागली, तेव्हा मला म्हणाली, "विमानानंच जाऊ. अन् तू सोबत चाल बाई, मले ते पट्टे बांधता येनार नाई."

दोघींची तिकिटं, काशीतली खोली, सगळं मीच मोबाईलवर काढलं. तिकिटं स्वस्तातली होती, रद्द केल्यास पैसे मिळणार नाहीत असं तिथे लिहिलेलं होतं. आम्हाला विम्यावर एक धडा नुकताच झाला होता, म्हणून मी ऐटीत प्रवासाचा विमाही काढला. त्या फॉर्मवर एक प्रश्न होता, प्रवाशाला आधीपासून काही आजार आहे का? आत्या गिऱ्हाइकाला डाळ मोजून देत होती. मी तिला तिथेच विचारलं.

"मले कायचा आजार वं?" ती हसली. "सकायची एक गोळी लागते, तेवढीच."

ती गोळी रक्तदाबाची. उपकेंद्रातून दर महिन्याला मिळते, अकरा वर्षं झाली. पण आमच्याकडे आजारी म्हणजे जो खाटेवर पडला तो. जो उठून कामाला लागतो त्याला कोणी आजारी म्हणत नाही. मीही तशाच घरात वाढले. 'नाही'वर बोट ठेवलं आणि पुढे गेले.

निघायला नऊ दिवस उरले असताना आत्याच्या पोटात कळ उठली. गावातल्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि ताबडतोब वर्ध्याला न्यायला सांगितलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं आणि जीव वाचला. भरती करताना तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "बीपीची गोळी किती वर्षांपासून?" आत्या कण्हत म्हणाली, "अकरा." त्यांनी ते लिहून घेतलं. मी खाटेच्या पायाशी उभी होते. तो फॉर्म डोळ्यांपुढे आला.

घरी येऊन मी विम्याच्या अटी पहिल्यांदा पूर्ण वाचल्या. खोटी माहिती दिल्यास दावा नाकारला जाईल, असं त्यात होतं. मी खोटं बोलले असं तोवर मला वाटलंच नव्हतं. आता तो शब्द छापलेला दिसत होता. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. एसटीत कोणाचा फोन वाजला तरी मी माझाच मोबाईल चाचपायची. हे मी कोणालाच सांगितलं नाही. आत्या मात्र उशीला टेकून येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगायची, "काशी काई पळून जात नाई. पैशे वापस येतीन. आमची कॉलेजवाली हाय न, तिनं समदं पक्कं करून ठेवलं." ती असं म्हणाली की मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर जायची.

तिकिटं रद्द करून मी दावा टाकला, तेव्हा कंपनीनं दवाखान्यातून सुट्टी होतानाचे कागद मागितले. मी आत्याला फाईल मागितली, तर ती सहज म्हणाली, "ते तं गेलं! टाके काढले त्याच दिशी. आजारपन घरात ठेवत नाईत." हातातली दवाखान्याची पट्टी, औषधांची रिकामी पाकिटं आणि फाईल, सगळं एका पिशवीत भरून, वर देव्हाऱ्यातलं निर्माल्य घालून तिनं ते धरणाच्या रस्त्यावरच्या देवीच्या देवळात पाठवलं होतं. बाबांनी ते स्वतः नेऊन टाकलं होतं. आमच्याकडे बरं होऊन आलेल्या माणसाचं असंच करतात. दवाखान्यात चौकशी केली तर नक्कल मिळायला तीन आठवडे लागतील म्हणाले. कंपनीनं मला पाच दिवस दिले होते.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. फाईल गेली हे ऐकून पहिल्यांदा मला हायसं वाटलं. कागदच नाही, तर माझी चूक उघडी पडायची नाही. आत्याची काशी गेली हे त्यानंतर मनात आलं. हा क्रम आठवला की आजही मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून देवळात गेले. निर्माल्याचं सिमेंटचं टाकं पाहिलं. त्यात कालची झेंडूची फुलं होती, दुसरं काही नव्हतं. मी पायरीवर बसले आणि डोळे मिटले. फाईलमध्ये दोन कागद होते हे मला ठाऊक होतं. पहिल्यावर ऑपरेशन आणि सहा आठवडे प्रवास करू नये असं लिहिलेलं. दुसऱ्यावर ती अकरा वर्षांची गोळी. मी देवीला म्हटलं, आई, मला फक्त पहिला कागद दे. देवापुढे बसूनही मी असा हिशेबी नवस बोलत होते आणि रडत होते.

"काऊन रडून राह्यली वं? पेपरात नापास झाली काय?"

देवळाचं निर्माल्य निवडून खताच्या खड्ड्यात टाकणारी म्हातारी समोर उभी होती. हाताला फुलांचा ओला चोथा लागलेला. मी लहानपणापासून तिला पाहत आले, पण कधी दोन शब्द बोलले नव्हते. मी फाईलबद्दल तेवढं सांगितलं. ती मागच्या खोलीत गेली आणि एक पत्र्याची पेटी ओढत घेऊन आली. पेटी कागदांनी भरलेली होती. लग्नपत्रिका, पोथ्यांची सुटी पानं, जुनी कॅलेंडरं, कोणाची तरी गुणपत्रिका. सगळे वाळवून, सारखे करून ठेवलेले.

"मले वाचता येत नाई," ती म्हणाली. "कोनत्या कागदावर देवाचं नाव हाय अन् कोनत्यावर नाई, मले काय मालूम? म्हनून लिवलेला कागद मी खड्ड्यात टाकतच नाई."

वरून चौथ्या-पाचव्या थरात आत्याची फाईल होती. कुंकवाचे डाग पडलेले, कडा फुगलेल्या, पण अक्षर स्पष्ट. मी पहिला कागद हळूच पिनेतून सोडवू लागले. म्हटलं, "मला हा एकच पाहिजे."

म्हातारीनं माझा हात धरला. "जोडेल होते ते. मी वाळू घातले तईबी तोडले नाई. तू काऊन तोडून राह्यली?"

तिला काहीच माहीत नव्हतं. ती कागदाबद्दलच बोलत होती. पण मला वाटलं, मी डोळे मिटून जे मागितलं ते कोणीतरी ऐकलं होतं, आणि हे त्याचं उत्तर होतं. माझ्या अंगावर काटा आला. त्यात आनंद नव्हता, भीतीच होती. दोन्ही कागद छातीशी धरून मी सरळ आत्याकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. फॉर्म, माझं 'नाही', आणि नवससुद्धा.

 तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, तिच्याऐवजी दुकानात बसलेल्या बाबांनी त्याला साबण दिला, ते गेलं. मग ती म्हणाली, "रोज गोळी गिळते मी अन् आजार नाई म्हनते मीच. तू तं फक्त लिवलं." पुन्हा म्हणाली, "गेले पैशे तं गेले. गंगेत अंग धुवाचं अन् घरी खोटं ठेवाचं, असं जमते काय? दोनी कागद पाठव."

सेलूच्या ऑनलाइन सेंटरवाल्या दादांनी कागद स्कॅन करताना वाचले. "ताई, हे दुसरं पान काऊन जोडता? कंपनीवाल्याले सपन पडनार हाय काय? पहिलंच टाका न!"  मी म्हटलं, "दोन्ही टाका दादा." सोबत मी चार ओळी लिहिल्या: प्रश्नाचा अर्थ मला नीट कळला नव्हता, गोळी चालू आहे, चूक माझी आहे.

"तुमची मर्जी," दादा म्हणाले. "मंग म्हनू नका सांगतलं नाई."

त्यानंतरचे सतरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सच्चेपणानं माणसाला लगेच शांती मिळते असं म्हणतात. मला तरी मिळाली नाही. पत्र गेल्यावर भीती दुप्पट झाली, कारण आता माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. फरक एवढाच, की आता आत्या आणि मी दोघी मिळून घाबरत होतो. संध्याकाळी ती देवीपुढे दिवा लावायची आणि म्हणायची, "तिले जे कराचं ते करू दे." आधी मला ते म्हणण्यापुरतं वाटायचं. पण हळूहळू मीही तिच्या शेजारी बसून तेच म्हणू लागले.

मग एक दिवस कंपनीतून एका बाईंचा फोन आला. त्यांनी आत्याशीच बोलायचं म्हटलं. गोळी कधीपासून, कोणती, सगळं विचारलं. आत्यानं उपकेंद्रातल्या रांगेपासून सगळं सांगितलं. तीन दिवसांनी कळवलं गेलं की ऑपरेशनचा रक्तदाबाशी संबंध नाही, म्हणून दावा मंजूर. थोडी कपात झाली आणि पुढच्या वेळी माहिती पूर्ण भरा, अशी ताकीदही मिळाली. ती मी दोनदा वाचली.

पेढे घेऊन देवळात गेले, तर म्हातारी म्हणाली, "कोनता कागद?" तिला आठवतही नव्हतं. पेढा तोंडात टाकून तिनं पेटी पुढे सरकवली. "वाचता येते न तुले? मंग सांग कोनता कोनाचा हाय." आता दर रविवारी मी जाते. एक सातबारा, एक गुणपत्रिका आणि एकाचं जन्माचं प्रमाणपत्र आजवर ज्याच्या त्याच्या घरी पोचवलं.

फाल्गुनात आम्ही काशीला निघणार आहोत. परवा फॉर्म भरताना तोच प्रश्न आला. मी विचारायच्या आधीच आत्या तराजूआडून ओरडली, "बीपी हाय म्हनून लिव! अन् टाक्याचंबी लिव!" माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. 'हो'वर बोट ठेवण्याआधी मी प्रश्न पुन्हा वाचला. पण आता भ्यायले की मला ती पिनेनं जोडलेली दोन पानं आठवतात. मी देवीकडे अर्धंच मागितलं होतं. तिनं पिनेसकट सगळं दिलं.