आईनं ट्रंककॉलवर मान हलवली

माणसं नवं यंत्र का वापरतात, याचा एक सिद्धांत माझ्याकडे होता. तो साऱ्या जगाला लागू होत असेल. आमच्या सोलापुरातल्या दोन खोल्यांत मात्र त्याची फजिती झाली.

सिद्धांत असा: यंत्राचा उपयोग कळला, ते सोपं वाटलं आणि शेजाऱ्यांनी 'वा' म्हटलं, की माणूस ते वापरायला लागतो. सत्तरच्या दशकात, नंबर लागण्याची आशा सोडल्यावर आमच्याकडे फोन आला, तेव्हा तिन्ही गोष्टी हजर होत्या. गल्लीतल्या बायका तर त्याला हळदकुंकू वाहून गेल्या. आईला मी आठवडाभर शिकवलं. रिसीव्हर असा धरायचा, हॅलो म्हणायचं.

"समोर माणूस दिसत न्हाय, त्येच्याशी वागायचं कसं?"

"समोरासमोर वागतेस तसंच," मी म्हणालो. (हे वाक्य मी गिळलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.)

त्या दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीचं, शकूचं, वैरागच्या एका मास्तरांशी जमत आलं होतं. तिला ते मनापासून आवडले होते. ते पाहून गेल्यापासून आमच्या भाजीत मीठ दोनदा पडत होतं. मुलाचे वडील, तात्या, सांगून गेले होते, "मंगळवारी ट्रंककॉल लावतो. हो का न्हाय, तवाच सांगा." वडील नसल्यामुळे घरातला कर्ता मी, आणि मंगळवारी नेमका मीच ऑफिसात अडकलो.

घरी आलो तर आई खुशीत.

"तात्यांचा फोन आला हुता."

"काय म्हणाले?"

"पोरगी आमाला पसंत हाय, तुमचं काय, म्हनले."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी कशाला बोलू? व्याह्यांम्होरं कवा तोंड उघडलंय का मी? डोईवर पदर घेतला आन चांगली तीनदा मान हलवली की."

मी खाली बसलो. तिकडे तात्या वैरागच्या पोस्टात उभे राहून ओरडत होते, आणि इकडे आई अदबीनं मान हलवत होती.

"अगं, त्यांना ते दिसलं कसं असेल?"

"तूच म्हनलास, समोरासमोर वागतीस तसं वाग."

दोन दिवसांनी पोस्टकार्ड आलं. 'हॅलोनंतर आपल्याकडून एक अक्षर निघाले नाही. नकार समजलो. बार्शीचे स्थळ पाहत आहोत.' शकूनं ते वाचलं आणि आत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. तिच्या पाठीकडे बघताना मला स्वतःची फार लाज वाटली.

मी लगेच तार केली: 'गैरसमज झाला. शनिवारी सकाळी फोन करावा.'

शनिवारी रजा काढली, आंघोळ केली, आईला फोनपासून चार हात लांब बसवलं आणि ठाण मांडलं. दहाच्या सुमारास घंटी वाजली.

"तात्या बोलतोय. ठरलं म्हनायचं का न्हाय?"

तो भारदस्त आवाज कानात शिरला आणि मी ताडकन उभा राहिलो. एवढा वडीलधारा माणूस! मी दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून नमस्कार केला.

नमस्काराला दोन हात लागतात. रिसीव्हर टेबलाच्या कडेवर आपटून वायरीला लोंबकळू लागला आणि त्यातून तात्या "हॅलो, हॅलो" करत राहिले. आई लांबूनच पदर सावरून मान हलवायला लागली. मी अजून वाकलेलाच होतो.

तेवढ्यात शकू आतून आली. तिला फोन कोणी शिकवलाच नव्हता. (लग्न होऊन जाणारी मुलगी, तिला कशाला, हा माझाच विचार.) तिनं रिसीव्हर उचलला आणि होणाऱ्या सासऱ्यांना खणखणीत सांगितलं, "व्हय, ठरलं. दादाला पसंत हाय, आईला पसंत हाय." मग जरा थांबून हळूच म्हणाली, "आन मलाबी."

तात्यांचं हसणं चार हात लांब बसलेल्या आईलाही ऐकू आलं.

वैरागात अजून कोणी विचारलं, की लग्न जमवलं कुणी, तर शकू न चुकता माझंच नाव घेते. "दादानं जमवलं," ती म्हणते, "फोन हातातनं पाडून."