ओरडणाऱ्याला पहिला चहा

परवा विरारच्या एका महिला मंडळात मला बोलायला बोलावलं होतं. विषय त्यांनीच ठरवलेला: डोंगरभटकंतीतून उद्योजिकेनं काय शिकावं. अगं बाई! उद्योजिका म्हणे. मी आगाशीच्या एका वाडीत काकींच्या जोडीनं सुकेळी करते, म्हणजे पिकलेली राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानांत बांधून विकते. त्यात डोंगर कुठून आले? पण तरुणपणी मी एक रविवार घरात काढला नाही, हे कुणीतरी मंडळाच्या कानावर घातलं होतं. समोरच्या बायकांना वाटत होतं, आता ही जिद्द, चिकाटी, शिखर असलं काहीतरी ऐकवणार. मी सरळ सांगून टाकलं, जिद्दीनं केळी वाळत नाहीत, उन्हानं वाळतात. त्या खळखळून हसल्या. मग मी त्यांना दगडाची गोष्ट सांगायला घेतली, पण माइकवाला सारखा घड्याळाकडे बघत होता, म्हणून अर्धीच सांगून खाली बसले. इथं पूर्ण सांगते.

माझं लहानपण मनवेलपाड्यातल्या चाळीत गेलं. वडील कोकणातले, नोकरीपायी विरारला आलेले. पुढे मीही ऑफिसात चिकटले आणि रविवारी डोंगर चढणाऱ्या एका टोळक्यात सामील झाले. तांदूळवाडी, कोहोज, आशेरी, कालदुर्ग, जवळचं काही सोडलं नाही. आमचा म्होरक्या शाळामास्तर होता. आवाज घोगरा आणि शिस्त वर्गातल्यापेक्षा कडक. चढताना पायाखालून दगड सुटला, तर त्याच क्षणी ‘दगड!’ म्हणून बोंबलायचं. खालच्यांनी वर बघायचं नाही, कातळाला चिकटून उभं राहायचं. हा नियम डोंगरात सगळेच पाळतात. आमच्या मास्तरांनी मात्र त्याला एक शेपूट जोडलं होतं. दगड सुटला म्हणून कुणालाही बोलायचं नाही. उलट खाली उतरून चूल पेटली की पहिला चहा ओरडणाऱ्याला.

मला हे शेपूट अजिबात पटायचं नाही. दगड सोडायचा आणि वर चहा प्यायचा, हा कुठला न्याय? मग एकदा कोहोजच्या सुट्या दगडांच्या घसाऱ्यावर माझ्या वर चढणाऱ्या एका बँकवाल्याच्या पायाखालून चांगला नारळाएवढा धोंडा सुटला आणि हा बाबा गप्प! धोंडा माझ्या कानाला वारा घालून गेला. वर पोचल्यावर मी त्याला असं काही फैलावर घेतलं की गडावरची माकडंसुद्धा लांब जाऊन बसली. तो बिचारा एवढंच म्हणाला, ‘सगळ्यांसमोर लाज वाटली हो.’ मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘कळलं आता चहा कशाला ते? लाजेपेक्षा चहाची ओढ जास्त पाहिजे.’ मी तोंड वाकडं केलं, पण ते वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच.

काकींची ओळख बरीच नंतरची. आगाशीचं जुनं ख्रिस्ती कुटुंब, घराभोवती वाडी, नवरा गेलेला, मुलगा बोरिवलीला फ्लॅट घेऊन राहिलेला. घरात त्या आपल्या बोलीत बोलायच्या, माझ्याशी साधं मराठी. मी त्यांच्याकडे सुकेळी विकत घ्यायला गेले आणि ‘एवढी चांगली वस्तू तुम्ही फक्त ओळखीच्यांना विकता?’ म्हणून भांडून परत आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, पुन्हा भांडले. शेवटी काकी म्हणाल्या, ‘बाय, तू रोज येतेसच आहेस तर काम तरी कर.’ नोकरीला मी कंटाळलेच होते. झालं, आमचा धंदा सुरू.

वाटणी आपोआप झाली. फोन, ऑर्डरी, डबे, कुरियर माझ्याकडे. केळी आणि ऊन काकींकडे. शेजारच्या पाड्यातल्या दोघी जावा सोलायला यायच्या. सोललेली केळी घरापुढच्या बांबूच्या मांडवावर उन्हात पसरायची, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायची, दुसऱ्या दिवशी उलटून पुन्हा उन्हात. काळवंडत, तांबूस होत शेवटी त्यांना मधाचा रंग येतो. तो रंग आला की उतरवायची. एक ऊन कमी पडलं तर आत ओल राहते आणि पानात बांधल्यावर केळं आंबतं. कुठलं केळं झालं आणि कुठलं नाही, हे काकी बघायच्या. मी त्यात नाक खुपसत नसे.

वाडीत दगडाचा नियम मी पहिल्याच हंगामात आणला. ज्याच्या हातून काही बिघडेल त्यानं लगेच ‘दगड!’ ओरडायचं, कुणी रागवायचं नाही, आणि पहिला चहा त्याला. काकी म्हणाल्या, ‘आमच्या वाडीत नुसती रेती. दगड आणणार कुठून?’ पण जावांना हा खेळ भलताच आवडला. कावळ्यानं केळं पळवलं, दगड! सुरी बोथट झाली, दगड! धाकटी तर चहाची वेळ झाली की मुद्दाम काहीतरी पाडायची. एकदा कुंपणापलीकडचे शेजारी धावत बाहेर आले, कारण त्यांना वाटलं पोरं चिंचेवर दगड मारताहेत आणि आता आपल्या काचा जाणार. त्यांना सगळं समजावून सांगितलं तर ते डोक्याला हात लावून परत गेले. काकी एकट्याच कधी ओरडल्या नाहीत. त्यांच्या हातून काही बिघडायचंच नाही, तर ओरडणार कशाला, असं मी धरून चालले होते.

गेल्या हंगामाच्या सुरुवातीला काकींच्या मुलानं विषय काढला. तसा तो वाईट नाही, आईच्या काळजीनं बोलतो. म्हणाला, ‘मम्मी, या वयात उन्हात कशाला? पुढची जागा लग्नाच्या लॉनला भाड्यानं देऊ, तू घरात आरामात बस.’ काकींच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. मांडव गेला तर ही बाई सकाळी उठून करणार काय? आराम म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बराच वाद झाला आणि शेवटी मायलेकांत ठरलं की हा हंगाम सुरळीत पार पडला तर मांडव राहील. काही गडबड झाली, तर बांबू उपटायचे. त्या दिवसापासून घसाऱ्यावर टाकावं तसं एकेक पाऊल टाकत होते मी.

ईस्टरनंतरच्या एका लग्नाची ऑर्डर मिळाली. नवरीच्या आईला प्रत्येक पाहुण्याच्या हातात सुकेळ्यांचं पुडकं द्यायचं होतं. एवढी मोठी ऑर्डर आम्ही कधी घेतली नव्हती. काकी खूश, मी खूश, जावांनी तर लग्नाला घालायच्या साड्यासुद्धा ठरवल्या, कुणी बोलावलं नसताना! पुडकी बांधून तयार झाली. डोंगरात शेवटचा माणूस वाटेवर काही राहिलं का म्हणून मागे वळून बघतो, तशी पाठवायच्या आधी एखादं पुडकं सोडून खायची मला सवय आहे. सोडलं, चावा घेतला आणि जिभेला आंबट लागलं. दुसरं सोडलं, ते चांगलं. तिसरं पुन्हा आंबट. मग मी सोडतच सुटले. जवळजवळ अर्धा माल गेलेला.

कप्पाळ माझं! डोक्यात अशी तिडीक गेली की आभाळाला शिव्या दिल्या, दवाला दिल्या, जावांकडे रोखून बघितलं. थोरली म्हणाली, ‘ताई, आम्ही फक्त सोलतो हो.’ धाकटी रडायच्या बेतात. काकी खाली मान घालून केळी सोलत राहिल्या. एक मन म्हणत होतं, चांगली पुडकी वर ठेव, बाकीची खाली, लग्नाच्या धांदलीत कोण बघतंय. पण कोहोजचा तो धोंडा कानाजवळून गेल्याचं आठवलं. मी फोन उचलला आणि नवरीच्या आईला स्पष्ट सांगितलं की अर्धा माल बिघडला, तुमच्या दिवसापर्यंत नवा होणार नाही. ती बाई कडक आवाजात म्हणाली, ‘फार वाईट वाटलं. पण आज सांगितलंत ते बरं केलंत, अजून हातात दिवस आहेत. अर्ध्या लोकांना केक देऊ.’ मी फोन ठेवला. लग्नाचं काम तरी सुटलं होतं.

आता प्रश्न मांडवाचा होता. गडबड तर झालीच होती, आणि ती मुलाच्या कानावर गेली की संपलं. मी बडबडत होते, ‘पण झालं कसं? ऊन तर कडक होतं!’ तेवढ्यात मागून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. मी म्हटलं, ‘काय म्हणालात काकी?’

‘दगड,’ काकी म्हणाल्या.

‘अहो, कळलं दगड, पण कुणाचा?’

काकींनी सुरी खाली ठेवली आणि एवढ्या मोठ्यानं ‘दगड!’ म्हणून ओरडल्या की शेजारी कुंपणावरून डोकावले. ‘माझा,’ त्या म्हणाल्या. ‘मला रंग दिसत नाही, बाय. नाताळात चर्चमधले दिवे फुटल्यासारखे दिसायला लागले, तेव्हापासून. सगळी केळी एकसारखीच दिसतात. बोटानं दाबून अंदाज करत होते. मुलाला कळलं असतं तर त्यानं मांडव उपटला असता, म्हणून गप्प राहिले.’

खरं सांगते, मला आधी राग आला. इतके महिने! रोज शेजारी बसून एक शब्द नाही! तोंड उघडलं होतं मी. पण काकींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या माझ्याकडे बघत होत्या, निदान जिथं मी असेन असं त्यांना वाटलं तिकडे तरी. मी तशीच आत गेले, आल्याचा चहा टाकला आणि पहिला कप त्यांच्या हातात दिला. त्यांच्या आयुष्यातला दगडाचा पहिला चहा.

चहा संपवून काकींनी स्वतःच मुलाला फोन लावायला सांगितलं. त्यानं उचलल्या उचलल्या या ओरडल्या, ‘दगड!’ तो घाबरला. ‘कुठे? कुणाला लागला, मम्मी?’ मग त्यांनी सगळं सांगितलं, डोळ्यांचं, आंबलेल्या मालाचं, काही हातचं न राखता. ऐकून घेऊन तो म्हणाला, ‘आधी ऑपरेशन. मांडवाचं नंतर बघू.’ त्याच्या आवाजावरून मला काही आशा वाटली नाही. काकींनाही वाटली नसावी. त्या रात्रीच्या प्रार्थनेला बसल्या तेव्हा माळ नुसतीच हातात धरून होत्या, असं रात्री सोबतीला थांबलेली धाकटी जाऊ मला दुसऱ्या दिवशी म्हणाली.

मोतीबिंदू होता. विरारच्या डॉक्टरांनी तो काढला. मधल्या काळात रंग बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काकी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून खुर्चीत बसायच्या आणि विचारायच्या, ‘कडेला काळं आहे की तांबूस? उचलून उजेडात धर. आरपार दिसतंय?’ मी सांगायचे आणि त्या हो-नाही म्हणायच्या. निम्म्या वेळा मला ओरडा खावा लागला, पण एकही केळं आंबलं नाही.

पावसाळ्याआधी मांडव उतरवायचा असतो, दर वर्षीच. त्या रविवारी काकींचा मुलगा आला. मी त्याच्याकडे चोरून बघत होते. हा बांबू कुठे ठेवतो त्यावरून सगळं कळणार होतं. त्यानं एकेक बांबू उपटला, पुसला आणि अंगणात ढीग लावला. आत नेला नाही की कुणाला देऊनही टाकला नाही. तसाच उभा राहिला.

काकी काळा चष्मा काढून पायरीवर बसल्या होत्या. हंगामातलं शेवटचं सुकेळं उजेडात धरून म्हणाल्या, ‘हं, बरं जमलंय तुला.’ मग माझ्याकडे नीट बघितलं आणि दचकल्याच. ‘बाय! तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?’

‘झाले हळूहळू.’

‘आणि ओरडली नाहीस?’

मी हसत हसत बोंबलले, ‘दगड!’ शेजाऱ्यांची खिडकी उघडली आणि लगेच बंद झाली, त्यांनाही आता सवय झाली आहे. काकींनी किटलीतून पहिला कप भरला आणि माझ्याकडे हात पुढे केला.

‘दगड,’ मुलगा म्हणाला. बांबूंकडे बघत, अगदी हळू. ‘मम्मी, त्या फोननंतर मी लॉनवाल्याला होकार देऊन टाकला होता. तुला सांगितलं नाही. उद्या त्याला नाही म्हणून कळवतो.’

माझ्याकडे येणारा कप वाटेतच वळला आणि त्याच्या हातात गेला.